गाडी नवी, जॉबकार्ड पाचवं

पोस्ट मोठी आहे. गाडीची आहे, पण फक्त गाडीवाल्यांसाठी नाही, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

तीन आठवड्यांपूर्वी हे सगळं मी बातमी म्हणून लिहिलं होतं. दोन्ही बाजू घेतल्या होत्या, कागद सोबत जोडले होते. डेस्कवरून फोन आला, "आज जागा नाही." दुसऱ्या दिवशीही जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी अंक उघडला तर पहिल्या पानावर अर्ध्या पानाची जाहिरात. ज्या घराण्याचं शहरात महागड्या गाड्यांचं शोरूम आहे, त्याच घराण्याचं इकडे ट्रॅक्टरचं दुकान, त्याची ती जाहिरात. आणि खरं सांगायचं तर ती जाहिरात मीच आणली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी पत्रकारिता करणाऱ्याचं घर पगारावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. तेव्हा डेस्कला शिव्या देण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्नच आहे.

तर विषय असा. माझ्या भाच्यानं गेल्या दसऱ्याला स्पोर्ट्स कार घेतली. होय, बीड जिल्ह्यात. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात त्या जिल्ह्यात दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लाल गाडी. पोरगं पुण्यात नोकरीला आहे, चांगलं कमावतं. रेल्वेत गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातला काही भाग दाजींनी दिला, बाकी बँकेचं कर्ज. गाडी दाजींच्या नावावर, कारण पोराचा हट्ट होता की नंबर एमएच-२३च पाहिजे. किंमत पन्नास लाखांच्या आत. आकडा ऐकून मीही बोललो होतो, "अरे, एवढ्यात बीडला फ्लॅट झाला असता." तो म्हणाला, "मामा, फ्लॅट सगळेच घेतात."

त्याला बोलायला मला तरी काय तोंड होतं? डिप्लोमा करत होतो त्या काळात गोव्यात बनणाऱ्या सॅन स्टॉर्मचा फोटो मासिकात बघून मी तो कापून वहीत ठेवला होता. दोनच सीट, फायबरची बॉडी, रेनॉचं छोटं इंजिन. पुढं दिलीप छाब्रियांची डीसी अवंती आली, २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिसली, तेव्हाही बातमी दोनदा वाचली. दोन्ही गाड्या आता बनत नाहीत. कंपनीनं गाडी बनवायचीच बंद केली तर वॉरंटीचा कागद कुणाला दाखवायचा, हा विचार त्या वयात डोक्यात येत नाही. भाच्यानं म्हणूनच मोठ्या, नावाजलेल्या कंपनीची घेतली. तीन वर्षांची वॉरंटी.

पहिले दोन महिने गाव खूश. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी तिरपी घालून काढायची, खाली दोन पोरं वाकून "घासत नाही, येऊ द्या" म्हणायची. दाजींचे गुडघे दुखतात, त्यांना गाडीतून काढायला दोघं लागायची. पण माणूस उतरल्यावर मिशीतल्या मिशीत हसायचा.

मग गाडी झटके द्यायला लागली. चढाला किंवा ओव्हरटेक करताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा आणि ताकद गायब. याला लिंप मोड म्हणतात. इंजिनाला काही धोका आहे असं आतल्या कॉम्प्युटरला वाटलं की तो स्वतःच ताकद कमी करतो, गाडी कशीबशी घरापर्यंत जावी म्हणून. कल्पना चांगली आहे, पण ओव्हरटेकच्या मधोमध हे झालं तर काय, याचं उत्तर कॉम्प्युटरकडे नसतं.

सर्व्हिस सेंटर शंभरावर किलोमीटर लांब. पहिल्या वेळी "सॉफ्टवेअर अपडेट केलं." दुसऱ्या वेळी सल्लागार पोरानं विचारलं, "पेट्रोल कुठं भरता?" बीड म्हटल्यावर मान हलवली. पेट्रोल खराब आहे, टाकी साफ केली, हे वॉरंटीत बसत नाही. बिल लावलं. वर म्हणाला, "सर, ही गाडी बीडच्या रस्त्यांवर चालवायची नसते."

हे वाक्य मला लागलं. आमचे रस्ते खराब आहेत हे आम्ही रोज छापतो. पण गाडी विकताना एमएच-२३ ची नोंदणी करून देताना, पेढ्याचा बॉक्स हातात देऊन फोटो काढताना, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि पेट्रोलचं म्हणाल तर टाकीच्या झाकणावर ई-२० चा स्टिकर कंपनीनंच लावलाय, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवर चालेल असं तीच सांगते. ते इथेनॉल कशाचं, तर आमच्यासारख्यांच्या उसाचंही. ऊस आमचा, पेट्रोल आमच्या पंपावरचं आणि दोषही आमचाच!

आम्ही दोघं त्याच पंपावर गेलो. बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो, पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा अधिकार ग्राहकाला आहे. नोझलमधून एक थेंब कागदावर टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहिला तर शंका घ्यायची. घनताही मोजून दाखवावी लागते, पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. पंपवाला आधी कुरकुरला, मग सगळं करून दाखवलं. डाग राहिला नाही. घनता त्या दिवशीच्या नोंदीशी जुळली. याचा व्हिडिओ भाच्यानं काढून सर्व्हिस सेंटरला पाठवला. उत्तर नाही. तिसऱ्या जॉबकार्डावर लिहून आलं, दोष आढळला नाही.

जानेवारीत, अंधार पडल्यावर माजलगावकडून येताना पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. भाच्यानं गाडी काढली, ट्रॅक्टरच्या बरोबरीला आली आणि ताकद गेली. समोरून एसटी. शेजारच्या सीटवर माझी अक्का. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी साइडपट्टीवर घातली म्हणून आज मी ही पोस्ट लिहितोय, नाहीतर त्या दिवशी दुसरीच बातमी लिहावी लागली असती. त्या ड्रायव्हरचं नाव आम्हाला कळलं नाही. त्यानंतर अक्का त्या गाडीत बसली नाही.

गाडी टोइंगवर गेली. एक्केचाळीस दिवस तिथं. पार्ट बाहेरून येतोय, कस्टममध्ये अडकलाय, आलाय पण चुकीचा आलाय. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला बिनचूक जात होता. शेवटी हाय-प्रेशर फ्युएल पंप बदलला, म्हणजे आमचं पेट्रोल निर्दोष सुटलं. पण जॉबकार्डावर काय लिहिलं, बघा. "गुडविल म्हणून विनामूल्य." वॉरंटी हा शब्दच नाही. गुडविल म्हणजे आमची काही चूक नाही, पण आम्ही मोठ्या मनाचे आहोत. पुढं कोर्टात गेलात तर कंपनी म्हणणार की दोष आम्ही कधी मान्यच केला नाही. आणि किल्ली देण्याआधी एक कागद पुढं सरकवला, "कामाबाबत मी पूर्ण समाधानी आहे." भाचा सही करणारच होता. मी फोनवर होतो. म्हटलं, सही कर, पण वर पेनानं लिही, "गाडी चालवून न पाहता ताब्यात घेतली, तक्रारीचा हक्क राखून." काउंटरवर पाऊण तास गोंधळ झाला. पण लिहिलं.

अठरा दिवसांनी पिवळा दिवा पुन्हा लागला. पाचवं जॉबकार्ड.

आता दाजी म्हणायलेत, गाडी बदलून घ्या. गावातले सगळे तेच म्हणतात. इथं थोडं कायद्याचं सांगतो, कारण माझाही गैरसमज होता. वकील मित्रानं तो दूर केला.

अमेरिकेत त्याला लेमन लॉ म्हणतात. वाजवी प्रयत्नांनंतरही नवी गाडी दुरुस्त झाली नाही तर कंपनीनं बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. १९८२ पासून तिथल्या राज्यांनी असे कायदे केले. आपल्याकडे गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि २००६ साली मारुतीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वॉरंटीत सदोष पार्ट बदलून द्यायचं कबूल केलंय, अख्खी गाडी नव्हे. म्हणजे गाडी बदलून हवी तर दोष मुळातला, कारखान्यातला आहे हे दाखवावं लागतं आणि त्याला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. ज्या गाडीचं कॉम्प्युटर कंपनीच्याच मशीनला जोडल्यावर बोलतं, तिचा स्वतंत्र तज्ज्ञ बीडमध्ये कुठून आणायचा? कायद्यात आयोगाला गाडी प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवायचा अधिकार आहे, तो मागायचा. बरेच जण मागतच नाहीत आणि तिथंच हरतात.

वेळ किती लागतो? २००९ साली घेतलेल्या एका बीएमडब्ल्यूचं प्रकरण आहे. सेव्हन सिरीज. तक्रार पोलिसात गेली, गुन्हा दाखल झाला. हायकोर्टानं गुन्हा रद्द केला पण नवी गाडी द्यायला सांगितलं. ग्राहकाला गाडी नको होती, पैसे हवे होते. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीला पन्नास लाख रुपये द्यायला सांगून विषय मिटवला. पंधरा वर्षं! कोट्यधीश कंपन्यांशी भांडायची ऐपत असलेल्या ग्राहकाची ही गत.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची झालीय. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते, शोरूमच्या शहरात हेलपाटे घालायची गरज नाही. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपलं बीडच. आमच्या तक्रारीची फी हजार रुपये, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तर फीच नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि ही मुदत "पार्ट येतोय, पार्ट येतोय" यात कशी निघून जाते ते कळत नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथं आधी नोंदवलं तर निदान तारखेचा पुरावा तयार होतो. आणि एकाच मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांत तोच दोष असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं सरकारला रिकॉलचा आदेश देता येतो. एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, दंड एक कोटीपर्यंत. फक्त त्यासाठी तक्रारी नोंदवलेल्या पाहिजेत. आपण काय करतो? शोरूममध्ये आवाज चढवतो, चहा पितो आणि घरी येतो.

कुणी कमेंटमध्ये म्हणणारच, श्रीमंताच्या खेळण्याचं रडगाणं आम्हाला का सांगता. बरोबर आहे. पण भाच्याकडे निदान पाच जॉबकार्डं आहेत. माझ्या गल्लीतल्या माणसाचा नवा ट्रॅक्टर पेरणीच्या तोंडावर गिअरबॉक्समुळं उभा राहिला. मेकॅनिक शेतात आला, काहीतरी केलं, गेला. कागद एकही नाही. ई-स्कूटर घेतलेले तर शोरूमचं शटर कायमचं खाली बघून आलेत. आणि २०२० चं सोयाबीन आठवा. पेरलं ते उगवलंच नाही, शेवटी औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. बियाण्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये फार शहाणपणाचं म्हटलंय, की शेतकरी सगळं बियाणं पेरतो, उद्या तपासणीला लागेल म्हणून तो थोडं मागं ठेवेल अशी अपेक्षा करता येत नाही. गाडी निदान तपासायला शिल्लक राहते. बियाणं मातीत जातं.

शोरूमचं नाव का लिहिलं नाही, हे विचारणार. प्रकरण आता दाखल होतंय, वकिलानं नको म्हटलंय. हे अर्धं उत्तर. दुसरं अर्धं पोस्टच्या सुरुवातीला आलंय. गुढीपाडव्याची जाहिरात त्यांच्याकडून यंदा आली नाही, माझा फोनही उचलला नाही. ही पोस्ट वाचून पुढचीही येणार नाही, हे गृहीत धरलंय. बायकोला सांगितलंय. ती म्हणाली, "आधी अक्काचं बघा."

गाडी सध्या दाजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये कापसाच्या शेजारी उभी आहे, वर ताडपत्री. नोटीस रजिस्टर पोस्टानं गेलीय, पोचपावती आलीय, उत्तर नाही. सोमवारी भाचा सुट्टी काढून येतोय. पाचही जॉबकार्डांच्या झेरॉक्स, टाकी साफ केल्याचं बिल, पंपावरचा व्हिडिओ आणि समाधानाच्या कागदाचा फोटो घेऊन आम्ही जिल्हा आयोगात जाणार आहोत. ज्यांची अशी तक्रार असेल, ट्रॅक्टरची, मोटारीची, स्कूटरची, त्यांनी कागद घेऊन त्याच दिवशी या. अर्ज कसा लिहायचा ते बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून बघू.