स्लॅबवरच्या सळया

भुसावळच्या आमच्या घराच्या गच्चीवर चारही कोपऱ्यांत लोखंडी सळया वर आलेल्या आहेत. वडिलांनी 1984 साली घर बांधलं तेव्हा मुद्दाम सोडलेल्या. मुलगा कमावता झाला की वरचा मजला चढवेल, हा हिशेब. मुलगा डोंबिवलीला गेला आणि तिथे दुसऱ्या कुणीतरी बांधलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहिला. सळया गंजल्या. आई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायची.

वडील रेल्वेत होते. सगळी नोकरी क्वार्टरमध्ये गेली. खिळा ठोकायचा तरी जागा आपली नाही याची आठवण असायची. तेव्हा रिटायरमेंट अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि त्यानंतर काही महिन्यांत क्वार्टर रिकामं करायचं. त्यांनी पेन्शनचा तिसरा हिस्सा विकला. ‘पेन्शन विकली’ हे शब्द मी शाळेत असताना ऐकले तेव्हा आईच्या बांगड्या विकल्यासारखं काहीतरी वाटलं होतं. मिळालेल्या रकमेत प्लॉट आणि दोन खोल्या बसल्या, पक्का जिना मात्र बसला नाही. विकलेला हिस्सा पंधरा वर्षांनी, 1999 साली, परत सुरू झाला तेव्हा आईने पेढे वाटले. गुडघे पार गेल्यावरसुद्धा वडील भिंत धरत ओट्यापर्यंत यायचे, भाजीवाल्याशी भाव करायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकायचे. म्हातारपणी माणसाला रस्ता दिसावा म्हणून त्यांनी बैठं घर बांधलं असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं कारण एवढंच, की सिमेंटचे पैसे संपले होते.

मी पुढच्या वर्षी रिटायर होतोय. खासगी नोकरी. पंधरा हजारांच्या मर्यादेवर बेतलेली माझी पेन्शन साडेसात हजारांच्याही आत येईल. वर पीएफची रक्कम. घर मात्र स्वतःचं आहे, कर्ज फिटलेलं आहे, म्हणून नातेवाईक म्हणतात, ‘तुमचं काय बाबा, छप्पर आहे!’ छप्पर आहेच. पण त्याच्याखाली पोचायला चोपन्न पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. बायकोने पायऱ्या मोजल्या त्या गॅसचा सिलिंडर चढवणाऱ्या मुलाने जादा पैसे मागितले त्या दिवशी. घर विकत घेणं परवडलं होतं. त्यात म्हातारं होणं परवडेल का, हा प्रश्न पस्तिशीत कुणाला सुचतो?

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला घालायची चर्चा दर सर्वसाधारण सभेत होते. लिफ्ट मिळेल, जागा वाढेल, सगळं खरं. पण टॉवर म्हटला की दोन लिफ्ट, जनरेटर, वॉचमन, पंप, आणि महिन्याचं मेंटेनन्स पेन्शनच्या बरोबरीला येऊन उभं राहील. बिल्डरचा कॉर्पस फंड किती दिवस पुरणार, ते ज्याचं त्याने मोजावं. शिवाय मधली तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात. साठीच्या जोडप्याला घर देताना मालक आधी नाडी बघतो की डिपॉझिट, ते सांगता येत नाही. त्यात आमच्या जमिनीचं कन्व्हेयन्सच झालेलं नाही. कायद्याने त्यावर ‘मानीव अभिहस्तांतरण’ असा उपाय दिला आहे; हा शब्द एका दमात म्हणता येईल अशा वयातच ते काम उरकायला हवं होतं.

बँकेत जाऊन रिव्हर्स मॉर्टगेजची चौकशी केली. साठी उलटलेल्याला स्वतःच्या राहत्या घरावर बँक दरमहा पैसे देते, हयातीत घरातून काढत नाही. 2007 च्या अर्थसंकल्पात आलेली ही योजना मला कागदावर फारच आवडली. पण इमारतीचं निदान वीस वर्षांचं आयुष्य शिल्लक हवं. समोरच्या अधिकाऱ्याने आमच्या बिल्डिंगचं साल विचारलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की वीस वर्षं कोणाची मोजतोय तेच कळेना. घरी सांगितलं तर बायकोने ‘गहाण’ एवढाच शब्द ऐकला. तो आमच्याकडे सावकाराच्या गोष्टीत येतो. मग पुण्यातल्या अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या वसाहतींची माहिती काढली. डोंबिवलीचं घर विकून तिथलं घर आणि पुढचा महिन्याचा खर्च, दोन्ही जमेनात. भुसावळला परत जायचं तर मे महिन्यातलं ऊन आणि डॉक्टर बदलण्याची धास्ती. मुलगी ठाण्यात आहे, तो भाग वेगळाच.

गंमत अशी, की उपाय आमच्याच जिन्याच्या तळाशी निघाला. तळमजल्यावरच्या तरुण जोडप्याला वर यायचंय. खाली ओल, उंदीर, खिडकी उघडली की स्कूटरचा धूर. चाळिशीच्या आतल्या माणसाला चोपन्न पायऱ्या म्हणजे फुकटची जिम. जागांची अदलाबदल केली तर त्यालाही स्टॅम्पड्यूटी आहे, आणि दोनांतल्या जास्त किमतीच्या जागेवर आहे, हे वकिलाने सांगितलं. तेव्हा सध्या एकमेकांच्या जागा भाड्याने घेऊन राहावं, आवडलं तर पुढचं बघावं, असं घाटतंय. माझ्या मित्रांना हा सौदा तोट्याचा वाटतो. तळमजल्याला भाव नाही म्हणे. भाव विकणाऱ्याला लागतो. मला तिथून उठून कुठे जायचं आहे?

परवा मोजमापं घ्यायला खाली गेलो. कपाट कुठे बसेल, पलंग दारातून आत जाईल का, हे टेपने बघत होतो. बायको मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभी होती. कपाटामागच्या जुन्या रंगाखाली 26 जुलै 2005 च्या पाण्याची तपकिरी रेघ अजून दिसते. तिने माझ्या हातातून टेप घेतला, रेघेपर्यंत धरला. एकोणचाळीस इंच.

‘पलंग उंच करून घ्यावा लागेल,’ ती म्हणाली.