समोरची काच स्वच्छ असावी

वाचकहो, रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांविषयीच्या लेखांच्या पंगतीत मोटारीच्या काचेवर उडणाऱ्या पाण्याचा विषय पाहून आपल्याला नवल वाटेल. परंतु ज्या घरातील ज्येष्ठांना दवाखान्यासाठी वा नातलगांच्या भेटीसाठी गाडीने न्यावे लागते, त्या घरात हा विषय आरोग्याचाच आहे. उतारवयात डोळ्यांची बाहुली लहान होते, आत प्रकाश कमी पोहोचतो आणि तीव्र प्रकाशाने दिपलेली नजर पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. अशा नजरेपुढे धुळीने माखलेली काच आली, तर समोरचा ट्रॅक्टर दिसेपर्यंत तो फार जवळ आलेला असतो.

आमचे घर लातूरला. वडिलांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, नांदेडला एकट्याच राहतात. त्यांची औषधे, तपासण्या आणि चार सुखदुःखाच्या गोष्टी यांसाठी अण्णांना घेऊन मी दर पंधरवड्यास चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडला जाते. अण्णा 76 वर्षांचे आहेत. त्यांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती. दुसऱ्याचे ते टाळत आले होते. नांदेड हे लातूरच्या ईशान्येस आहे. त्यामुळे सकाळी निघालो की सूर्य समोर, आणि दिवस कलताना परतलो की पुन्हा सूर्य समोरच. सोयाबीनच्या सुगीत तर मळणीचा भुसा आणि रस्त्याची धूळ काचेवर जाड साचते. अशा एका फेरीत मी काच धुण्याची कळ ओढली आणि पाणी आलेच नाही. अहमदपूरला टाकी भरली. लोह्यापर्यंत ती रिकामी झाली.

एका गॅरेजमध्ये दाखविले. तेथील मिस्त्री म्हणाला, "काका, टाकीच बदलावी लागते. बंपर खोलून दिवसभराचं काम आहे." अण्णांनी शांतपणे विचारले, "गळती कुठून आहे, ते बघितलं का?" त्याला उत्तर नव्हते. अण्णांची सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "आधी पाणी कुठून जातंय ते बघूत. मग काय बदलायचं ते ठरवूत."

पुढे दिलेली रीत त्यांची आहे. आपल्या घरीही ती करून पाहण्याजोगी आहे.

प्रथम गाडीखाली सांडलेले पाणी कोणते, हे ओळखावे. वातानुकूलन चालू असताना टपकणारे पाणी स्वच्छ व बिनवासाचे असते. तो दोष नव्हे. हिरवा, लाल वा नारिंगी आणि बोटांना बुळबुळीत लागणारा द्रव बहुधा इंजिन थंड ठेवणारे कूलंट असते. त्यातील इथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असते. लहान मुले व पाळीव प्राणी यांना त्यापासून दूर ठेवावे, हात धुवावेत आणि गाडी मिस्त्रीकडेच न्यावी. या दोहोंपैकी काही नसेल आणि काचेच्या पाण्याची टाकी मात्र रिकामी होत असेल, तर आपला संशय खरा.

यानंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व किल्ली काढून ठेवावी. सपाट जागी गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा. टाकीत पाणी भरून त्यात जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग चिमूटभर टाकावा, म्हणजे थेंब कोठे पडतो हे वृद्ध डोळ्यांनाही दिसते. मग अर्धा तास नुसते थांबावे. कळ न ओढताच पाणी गळत असेल, तर दोष टाकीत किंवा तिच्या तळाशी बसविलेल्या छोट्या पंपाच्या जोडात असतो. पाणी ठरावीक उंचीपर्यंत उतरून थांबले, तर चीर त्या उंचीवर आहे असे समजावे. टाकी पुरती रिकामी झाली, तर दोष तळाशी. स्थिर असताना गळत नाही, परंतु दुसऱ्या माणसाने आत बसून कळ ओढताच गळते, तर नळी तडकलेली, सांध्यातून निसटलेली अथवा उंदराने कुरतडलेली असते. बॉनेटच्या बिजागरीजवळ नळी वारंवार वाकते, तेथे आधी पाहावे. मागील काचही धुणारी गाडी असेल, तर तिची नळी गाडीच्या अंगातून मागे जाते. ती सुटली की आतील गालिचा ओला होतो आणि कुबट वास येऊ लागतो. दमेकऱ्यांसाठी ती बुरशी बरी नव्हे. पंपाचा आवाज येतो, गळती कोठेच नाही आणि तरीही पाणी उडत नाही, तर फवाऱ्याचे छिद्र तुंबलेले असते. आपल्या भागातील बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्यात साचतो. बारीक सुईने तो हलकेच मोकळा करावा.

आमची टाकी तळापर्यंत रिकामी झाली. अण्णा खुर्ची घेऊन बसले, मी विजेरी धरली. पंप टाकीत जेथे घट्ट बसतो, तेथील ग्रोमेट नावाची रबरी कडी कडक होऊन चिरली होती आणि रंगीत थेंब तिच्याच कडेने उतरत होते. नवी कडी अगदी किरकोळ किमतीत मिळाली. शेजारच्या तरुण मिस्त्रीने अण्णांच्या देखरेखीखाली पंप ओढून काढला, जुनी कडी टाकली, बैठक पुसली आणि नवी कडी ओली करून बसविली. बंपर खोलावा लागला नाही. नळी तडकली असती, तर तेवढे टोक कापून, उरलेली नळी गरम पाण्यात मऊ करून पुन्हा चढविता आली असती. टाकीच फुटलेली असेल, तर मात्र ती बदलणेच योग्य; त्या प्लॅस्टिकवर चिकटद्रव्य फार दिवस धरत नाही.

येथे एक आग्रहाची सूचना. ज्येष्ठांनी उकिडवे बसून वा जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून हे काम करू नये. पाहणे, विचारणे, ठरविणे त्यांचे, वाकणे दुसऱ्याचे.

टाकीत काय भरावे, हेही महत्त्वाचे आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरकरांना पाण्याचे मोल सांगावयास नको. तथापि नुसते साधे पाणी महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि फवाऱ्याच्या तुषारांतून फुफ्फुसांत जाऊ शकतात. इंग्लंड व वेल्समधील, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काच धुण्याचे द्रावण न मिसळलेले पाणी वापरणे आणि या जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया यांचा संबंध आढळला होता. पन्नाशी उलटलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना व फुफ्फुसांचे जुने विकार असलेल्यांना या आजाराचा धोका अधिक. म्हणून बाजारात मिळणारे द्रावण बाटलीवरील प्रमाणात मिसळावे. केसांचा शाम्पू वा भांड्यांचा साबण घालू नये. त्याचा पापुद्रा काचेवर राहतो आणि उन्हात अधिकच चमकतो.

पुढच्या फेरीस काच लख्ख होती. चाकूरच्या पुढे सूर्य वर आला, मी काच धुतली, वायपर फिरले. मला रस्ता स्पष्ट दिसत होता. अण्णा मात्र म्हणाले, "अजून धूसरच आहे की." मग त्यांनी स्वतःच एक डोळा तळहाताने झाकला, नंतर दुसरा. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. लोहा मागे पडल्यावर म्हणाले, "काचेचं काही नाही, बाळ. हा डोळा करून घेऊत."

गेली दोन वर्षे आम्ही घरातील सर्वांनी समजावूनही जे झाले नव्हते, ते स्वच्छ काचेने केले. ज्यांनी स्वतःच्या हातांनी काचेचा दोष दूर केला, त्यांना उरलेला दोष कोठे आहे हे कोणी सांगावे लागले नाही. त्या महिन्यातच शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडे 55 वर्षांनंतर वाहनपरवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो व त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अण्णांनी त्याचे नूतनीकरण करावयाचे की नाही, हे आम्ही त्यांच्यावरच सोपविले आहे.

वाचकहो, आपल्या घरातील ज्येष्ठ "काच नीट पुसत नाहीत", "हल्ली दिवेच मंद असतात" असे वारंवार म्हणत असतील, तर त्यांना लगेच खोडून काढू नका आणि नुसते हो म्हणून सोडूनही देऊ नका. आधी काच खरोखर स्वच्छ करा, टाकी भरा, झिजलेले वायपरचे रबर बदला. त्यानंतरही धूसरपणा उरला, तर नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या. आणि गाडीत, नळात वा घड्याळात काही बिघडले, तर दुरुस्तीपूर्वी त्यांना एकदा विचारा. त्यांना ठाऊक असलेले पुष्कळ असते. विचारणारे कोणी नसते.