शेऱ्याचा रकाना

आमच्या गाडीला स्वतःचे वय ठाऊक नाही. तिच्या किलोमीटरच्या मीटरला पाचच घरे आहेत. ९९,९९९ नंतर तो मुकाट्याने शून्यावर येतो आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा मोजू लागतो. आजवर असे दोनदा झाले. आज मीटरवर सव्वीस हजारांचा आकडा दिसतो. त्यावर विश्वास ठेवून कोणी गाडी विकत घेतली तर तो दोन लाख किलोमीटरने फसेल. खरा हिशेब आहे तो एका वहीत. लाल कापडी बांधणीची, फूटभर लांबीची ती वही आप्पांची.

आप्पा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. ते माध्यमिक शाळेत शिक्षक होते. १९९९ साली भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून त्यांनी ही छोटी पेट्रोल गाडी घेतली, आणि त्याच दिवशी वहीला रकाने आखले : तारीख, कोठून कोठे, किलोमीटर, पेट्रोल, आणि शेवटी ‘शेरा’. शिक्षकाला शेऱ्यावाचून चैन पडत नाही, असे आम्ही तेव्हा हसून म्हणालो होतो. आप्पा २०१२ साली गेले. वही आम्ही पुढे चालू ठेवली; मात्र शेऱ्याचा रकाना आमच्या हातून बहुधा कोराच राहिला.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एम.ए. झाल्यानंतरची दहा वर्षे तासिका तत्त्वावर गेली. ज्यांनी ती वर्षे काढली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. दोघांची महाविद्यालये दोन दिशांना, एस.टी.च्या वेळा तासिकांशी न जुळणाऱ्या, आणि मानधन कधी येईल याचा नेम नाही. त्या काळात ही गाडी नसती तर आमच्यापैकी एकाला शिकवणे सोडावे लागले असते. नेसरीहून गडहिंग्लज, गडहिंग्लजहून संकेश्वरला महामार्ग, निपाणीवरून कागल आणि मग कोल्हापूर, म्हणजे महाराष्ट्रातून निघून, कर्नाटकातून जाऊन, पुन्हा महाराष्ट्रात. हा प्रवास आम्ही किती वेळा केला ते वहीच सांगू शकेल. जुनी गाडी हा तेव्हा आमचा छंद नव्हता. दुसरी घेणे शक्यच नव्हते.

छंद ती नंतर झाली. दोघेही पूर्णवेळ पदावर आलो, पगार नियमित झाला, सहकाऱ्यांच्या दारात नव्या गाड्या आल्या. आम्ही मात्र जुनीच ठेवली आणि तिच्यातून लांबलांबचे प्रवास करू लागलो. ‘तुमची ती गाडी अजून चालते?’ या प्रश्नाला ‘झाशीपर्यंत जाऊन आली’ असे उत्तर देण्यात एक सुख होते, हे कबूल केले पाहिजे.

झाशीला आम्ही २०१७च्या दिवाळीच्या सुटीत गेलो. निमित्त गोडसे भटजींचे. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, महूजवळ त्याला बंडाची वार्ता कळली, आणि तरीही तो पुढे गेला. ‘माझा प्रवास’ वर्गात शिकवताना ती अंतरे आपल्याला कळत नाहीत अशी आमची समजूत झाली होती. मग पुणे, धुळे, बिजासन घाट, खलघाटला नर्मदा, महू, इंदूर असे टप्पे ठरले.

गाडीच्या मागच्या भागात कपड्यांपेक्षा सामान जास्त होते. पंख्याचा पट्टा, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, चार प्लग, रेडिएटरचा रबरी पाइप, चिकटपट्टी, ओढायचा दोर, पाण्याचे दोन कॅन आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी. पेट्रोलची टाकी बारीक झिरपू लागली तर साबण दाबून भरायचा, वेळ निभावते. ही यादी आमच्या मिस्त्रींनी करून दिली होती. निघताना ते म्हणाले, ‘सर, गाडी म्हातारी झाली म्हणून काय बिघडत न्हाई. मालक तरणा झाला की बिघडतंय.’ आम्ही हे वाक्य पुढे कित्येकांना ऐकवले, विनोद म्हणून.

बिजासन घाटात काटा तांबड्याकडे सरकू लागला. अशा वेळी आतला हीटर पूर्ण सुरू करायचा असतो. इंजिनाची उष्णता त्या वाटेने आत येते आणि इंजिन थोडे निवते. माणसे मात्र उकडून निघतात. ऑक्टोबरच्या उन्हात काचा खाली करून, हीटर लावून, मालमोटारींच्या मागे आम्ही तो घाट चढलो. वर पोचल्यावर बॉनेट उघडून तासभर बसलो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नसते. ज्याला थांबता येत नाही त्याचा हात भाजतो. त्या तासाभरात एका ढाबेवाल्याने आमची चौकशी केली, एका चालकाने पाणी आणून दिले. नव्या गाडीला थांबावे लागत नाही, त्यामुळे तिच्यातल्या माणसांना कोणी भेटतही नाही, असा सिद्धान्त आम्ही तिथे बसल्या बसल्या मांडला.

पुढे देवासला उतरलो. आमच्या नेसरीपासून फार लांब नसलेल्या, बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना देवासला गेले आणि तिथलेच झाले. त्या गावात संध्याकाळी चालताना आपण परमुलखात आहोत असे वाटले नाही. शिवपुरीवरून झाशी. जाऊन-येऊन तीन हजारांवर किलोमीटर झाले. वहीत आम्ही एवढेच लिहिले : ‘नेसरी – झाशी – नेसरी.’ शेरा कोरा. परत आल्यावर मात्र त्या प्रवासावर व्याख्याने दिली. जुन्या वाहनाने माणूस रस्त्याच्या जवळ राहतो, गैरसोय हीच अनुभवाची किंमत असते, वगैरे. टाळ्या मिळाल्या.

आता त्या व्याख्यानांत जे सांगितले नाही ते सांगायचे आहे.

२०२२च्या जुलैत, रात्री दोनच्या सुमारास आईला दरदरून घाम फुटला आणि श्वास लागला. बाहेर पाऊस कोसळत होता. शेजारच्यांकडे नवी गाडी होती. दार ठोठावले असते तर ते चप्पल न घालता धावले असते. आमच्या मनात ते आलेच नाही. झाशीला जाऊन आलेली गाडी गडहिंग्लजपर्यंत जाणार नाही का? आईला मागच्या सीटवर निजवले आणि निघालो. वाटेत एका ओढ्याचे पाणी रस्त्यावर आले होते. ते ओलांडले, आणि शंभर पावलांवर इंजिन बंद पडले. आमच्या गाडीत ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर जुन्या पद्धतीचा. त्याच्या टोपीत ओल शिरली की गाडी जागची हलत नाही. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसायची असते, हे आम्हांला पाठ होते. पण फडके भिजलेले, मोबाइलचा उजेड थरथरता, आणि मागे आईचा श्वास ऐकू येत होता. आमच्यापैकी एक टोपी पुसत होता आणि दुसरी रस्त्यावर उभी राहून अंधाराकडे हात करत होती. चाळीस मिनिटांनी दुधाचे कॅन घेऊन जाणारी एक पिकअप आली. चालकाने काही न विचारता कॅन बाजूला सारले.

आई वाचली. हृदयविकाराचा झटका होता. रक्तपुरवठा तुटल्यावर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो आणि मेलेला भाग परत येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हांला शांतपणे समजावून सांगितले. किती वाजता निघालात, हे त्यांनी दोनदा विचारले. आम्ही खरे सांगितले. त्यांनी फक्त मान हलवली. आज आईला जिना चढवत नाही. पूर्वी ती रोज संध्याकाळी फिरायला जायची. आता अंगणात खुर्ची टाकून बसते. त्या चाळीस मिनिटांचा यात वाटा किती, हे कोणी मोजून सांगणार नाही. आमच्यापुरता तो आम्ही धरून चाललो आहोत.

नेसरीत राहून मराठी शिकवणाऱ्याला एक कविता टाळता येत नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथेच. त्यांचे स्मारक गावाजवळ आहे. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला त्यांनी सोडून दिले, म्हणून महाराजांनी पत्राने कडक शब्द लावला होता. तो शब्द जिव्हारी लागला आणि सात घोडी निघाली. कुसुमाग्रजांनी त्या दौडीवर लिहिलेली आणि लता मंगेशकरांच्या आवाजाने घरोघरी पोचलेली कविता इथल्या मुलांना शाळेच्या आधीपासून येते. आमच्या पंचक्रोशीला हा इतिहास कादंबरीतूनही भेटतो. ‘श्रीमान योगी’ लिहिणारे रणजित देसाई पलीकडच्या कोवाडचेच.

आम्ही वर्षानुवर्षे ही कविता शिकवताना तिच्यातल्या वेडाचे कौतुक करत आलो. हिशेब करणाऱ्यांच्या हातून असे काही घडत नाही, असे सांगत आलो. त्या जुलैनंतर पुन्हा वर्गात उभे राहिल्यावर दुसऱ्याच गोष्टी समोर येऊ लागल्या. राज्याभिषेकाला साडेतीन महिनेही उरले नव्हते आणि स्वराज्याचा सेनापती गेला होता. ती जागा पुढे हंबीरराव मोहित्यांनी घेतली, फौज सावरली. पण ती सावरावी लागली. आणि ते सहा? त्यांच्या नावांविषयीही एकमत नाही. प्रतापरावांच्या मनातली सल प्रतापरावांची होती. त्या सहांना कोणी काही विचारले होते का? कविता खोटी आहे असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. स्वतःचा जीव पणाला लावणाऱ्यापुढे नतमस्तक व्हावेच लागते. पण दुसऱ्याचा जीव मागे बसवून केलेल्या दौडीला ते नाव देता येत नाही. आमच्या मागच्या सीटवर जी होती तिला आम्ही विचारले नव्हते.

गोडसे भटजींचेही तेच. आम्ही त्यांच्या वाटेने गेलो, पण ते घरचे कर्ज फेडण्याकरता, दक्षिणेच्या आशेने निघाले होते. त्यांनी हालअपेष्टा निवडल्या नव्हत्या. वाटेत लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड घेऊन परत आले. त्यांना गाडीघोडा मिळता तर ते आनंदाने बसले असते. आमची गैरसोय ऐच्छिक होती आणि तरीही तिला आम्ही त्यांच्या हालांच्या पंगतीत बसवले. तासिका तत्त्वाच्या वर्षांत जी गाडी गरज होती, तिचा पगार वाढल्यावर आम्ही दागिना केला. साधेपणाचा अभिमान हाही अभिमानच.

आई दवाखान्यातून घरी आल्यावर एके दिवशी सहज म्हणाली, ‘आप्पा पावसात रातचं गाडी काढत न्हवते.’ आम्ही वही काढली. दहा वर्षे आम्ही ती वापरत होतो, आकडे मिळवत होतो. वाचली मात्र कधीच नव्हती. वाचन शिकवणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांची ही अवस्था. आप्पांच्या शेऱ्यांत सगळे होते. ‘हॉर्न बंद, दिवसा आलो.’ ‘ब्रेक मऊ लागतो, मिस्त्रीकडे दिली, एस.टी.ने गेलो.’ आणि कोल्हापूरला महापूर आला त्या २००५च्या जुलैतली एक नोंद. किलोमीटरच्या रकान्यात शून्य. शेरा : ‘हिला ताप. पाऊस. गाडी नेली नाही. जीप सांगितली.’ गाडी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. आप्पांचे तिच्यावर आमच्याहून अधिक प्रेम होते, आणि तिच्या भरवशावर काय सोडायचे नाही हे त्यांना ठाऊक होते.

त्यानंतर आम्ही एक दुसरी, चांगल्या स्थितीतली गाडी घेतली. जुनीचे काय करायचे हा प्रश्न २०२४ साली नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा आला. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढे पाच-पाच वर्षांनी. २०२२च्या एप्रिलपासून या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ साली ते दहा हजारांवर गेले. शिवाय पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल; जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याने लवकर खराब होतात. ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही हंगामभर रांगतो, तोच ऊस असा टाकीतून परत भेटतो. भंगारात काढणे शहाणपणाचे होते. आईनेच नको म्हटले. ‘तिचा काय दोष?’ एवढेच ती बोलली. तो प्रश्न होता की उत्तर, हे आम्ही तिला विचारले नाही.

गाडीची नोंदणी आता २०२९पर्यंत आहे. आम्ही अजूनही तिच्यातून लांब जातो. हिवाळ्यात, दिवसा, दोघेच. पाइप नवे घातले आहेत आणि यंदा वरसईला जायचे ठरते आहे. झाशीवरचे व्याख्यान मात्र आता देत नाही. कोणी आग्रह केलाच तर ते जुलैच्या रात्रीसह देतो, आणि मग टाळ्या जरा उशिरा पडतात.

वहीचा शेवटचा रकाना आम्ही भरू लागलो आहोत. या पावसाळ्यातली पहिली नोंद आईने खुर्चीत बसल्या बसल्या वाचून पाहिली. किलोमीटर शून्य, पेट्रोल शून्य. शेरा : ‘ओढ्याला पाणी. गाडी नेली नाही.’ तिने वही मिटली आणि अक्षर आप्पांसारखे नाही, एवढे सांगितले.