उजळणीचा हिशेब

परकीय भाषेतला शब्द पाठ होतो, पण टिकत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. १८८५ मध्ये त्यांनी दाखवले की विस्मरण आधी झपाट्याने होते, मग मंदावते. एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते.

१९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी याच तत्त्वावर कार्डांची पेटी सुचवली. आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात सरकते, चुकलेले पहिल्या कप्प्यात परतते. पुढच्या कप्प्यांची उजळणी विरळ होत जाते. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये ‘सुपरमेमो’ या प्रोग्रामद्वारे उजळणी कधी करायची हा हिशेब संगणकाकडे सोपवला. २००६ पासून ‘आंकी’ हा प्रोग्रामही तेच काम करतो.

यंत्र उजळणीची वेळ ठरवते. कार्डावर काय लिहायचे, हे शिकणाऱ्याने ठरवायचे असते. जर्मन नाम लिंगदर्शक उपपदासह लिहावे, जपानी शब्दाला उच्चाराचा ध्वनी जोडावा, सुट्या शब्दाऐवजी छोटे वाक्य घ्यावे. स्वतः तयार केलेल्या कार्डाला संदर्भ असतो, त्यामुळे ते लवकर आठवते.

मात्र कार्डे संभाषण शिकवत नाहीत. शब्दसंग्रह यंत्राच्या मदतीने जपावा. भाषा माणसांशी बोलूनच येते.