चंद्रीचा पुढचा पाय

1962 साली मी सात वर्षांचा होतो आणि आमचे बिऱ्हाड सोलापुरात सात रस्त्यापाशी होते. कोपऱ्यावर चाचांचा टांगा उभा असे. घोडी पांढरी, नाव चंद्री. चाचा माझ्याशी मराठीत, विजापूरच्या माझ्या आईशी कानडीत आणि चंद्रीशी दखनीत बोलत. शाळेतून येताना मी तिला रोज गुळाचा खडा देई. (तो कोणत्या डब्यातून येई, हे आईला कळायला बरेच दिवस लागले.) मी दिसलो की तिचा एक कान माझ्याकडे वळे, दुसरा चाचांकडेच.

एका संध्याकाळी आई मला घेऊन मामाच्या साखरपुड्याला विजापूरला निघाली. ट्रंक चढली, आई बसली, मी खालीच. म्हटले, "मी नाही बसणार. चंद्रीला नको आहे."

"घोडीनं तुझ्या कानात सांगितलं वाटतं!" पाठोपाठ एक धपाटाही मिळाला. मला उत्तर सुचेना. पोटात नुसते कसेसे होत होते.

चाचा मात्र हसले नाहीत. खाली उतरून त्यांनी चंद्रीचा पुढचा पाय उचलला, नालावर हलकेच ठोकले. ती थरथरली. सकाळीच नवे नाल मारले होते. एक खिळा जिव्हाळी लागला होता.

"कसं कळलं रे तुला?"

"माहीत नाही."

दुसरा टांगा मिळेपर्यंत गाडी गेली. साखरपुडा आमच्यावाचून झाला.

मग मला फुशारकी चढली. पंधरा दिवसांनी, गृहपाठ झाला नव्हता त्या सकाळी, मी पुन्हा जाहीर केले, "चंद्री आजारी आहे." चाचांनी चारही खूर निमूटपणे पाहिले. म्हणाले, "छोकऱ्या, त्या दिवशीचं पोटातलं होतं. आजचं डोक्यातलं आहे."

पुढे बर्लिनच्या हान्स घोड्याची हकिकत वाचली. तो खूर आपटून गणिते सोडवी. 1907 साली फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने दाखवून दिले की, विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले तर हान्सही चुके. माणसाच्या मानेची नकळत होणारी बारीक हालचाल पाहून तो थांबत असे. तेव्हा मला चंद्री आठवली. उभ्या घोड्याने मागचा पाय सैल सोडला तर ते विसाव्याचे लक्षण. पुढचा पाय पुढे टाकून त्यावरचा भार काढला तर ते बहुधा दुखण्याचे. त्या संध्याकाळी ती तशीच उभी होती आणि तिचा कान माझ्याकडे वळला नव्हता. डोळ्यांनी पाहिले होते. सांगायला शब्द नव्हते, इतकेच.

आईने साखरपुड्याचा राग बरीच वर्षे धरला. पण एस.टी.त चढताना, पाय पायरीवर ठेवून, ती मागे वळून मला विचारी, "बसू ना रे?"