क्षमा करणारे आपण कोण?

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरीं एक खटला चालला. आरोपी या पृथ्वीवरचा नव्हता, आणि ज्या शतकांत त्यानें गुन्हा केला तें शतक अजून उजाडावयाचें आहे. तरीही दोन्ही पक्ष इतक्या तावातावानें भांडत होते कीं, सौभाग्यवतींच्या हातांतील सुपारी कातरावयाची राहून गेली आणि निजावयास बारा वाजले.

आरोपीचें नांव लोंडो मोलारी. ‘बॅबिलॉन ५’ ही अमेरिकन मालिका १९९४ ते १९९८ या काळांत दूरचित्रवाणीवर झाली. तिचे जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनीं तिच्या ११० भागांपैकीं ९२ भाग स्वतः लिहिले. आमच्या कन्येनें ती संगणकावर लावली आणि “पहिले चार भाग मुकाट्यानें पाहा, मग बोला,” अशी ताकीद देऊन आम्हां उभयतांस समोर बसविलें.

कथा तेविसाव्या शतकांतील. अंतराळांतील एका अवाढव्य स्थानकांत निरनिराळ्या ग्रहांचे राजदूत नांदतात. लोंडो हा सेंटॉरी साम्राज्याचा राजदूत. तें साम्राज्य एके काळीं बलाढ्य होतें. आतां जुन्या वाड्याप्रमाणें तें खचत चाललेलें आहे. स्वारी मद्यप्रिय, जुगारी, गप्पिष्ट. डोक्यावरील केस मोराच्या पिसाऱ्यासारखे उभारलेले. आणि आंतून अत्यंत एकाकी. त्याच्या समोर नार्न लोकांचा राजदूत जकार. नार्न हे सेंटॉरींचे पूर्वीचे गुलाम. गतवैभव परत यावें या हव्यासानें लोंडो एका प्राचीन, अघोर शक्तीचें साहाय्य घेतो. १९९५ सालच्या एका भागांत ती शक्ति नार्नांचें आरमार नष्ट करते, आणि सेंटॉरी जहाजें त्यांच्या ग्रहावर आकाशांतून प्रचंड शिळांचा वर्षाव करतात. हें अस्त्र साऱ्या सुधारलेल्या ग्रहांनीं निषिद्ध ठरविलेलें असतें. लोंडो जहाजाच्या खिडकीशीं उभा राहून तो संहार पाहतो. तो कांहीं बोलत नाहीं. त्याचा चेहरा तेवढा आपल्याला दिसतो, आणि त्यावर विजयाचा लवलेशही नसतो.

त्या चेहऱ्यानेंच आमचा घात केला. “मनुष्य मुळांत वाईट नाहीं; फसला बिचारा!” असे आम्ही बोलून गेलों. कन्येनें तर तेथल्या तेथें त्याचें वकीलपत्र घेतलें.

परंतु त्याच कटांत रेफा नांवाचा दुसरा एक सरदार होता. शिळांचा वर्षाव करावाच, हा आग्रह त्याचा. पुढें लोंडोच्या प्रेयसीवर विषप्रयोग होतो, आणि तो रेफानेंच करविला अशी लोंडोची समजूत करून देण्यांत येते. वास्तविक तो अपराध रेफाचा नसतो. लोंडो त्याला युक्तीनें नार्नांच्या ग्रहावर आणवितो आणि तेथें नार्न त्याला मरेपर्यंत मारतात. तें दृश्य पाहतांना आमच्या कन्येनें टाळी वाजविली; आम्हीही समाधानानें मान डोलाविली.

तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, गुन्हा एकच, भागीदार दोन. एकासाठीं डोळ्यांना पदर, आणि दुसऱ्यासाठीं टाळ्या? हा कुठला न्याय?”

कन्या म्हणाली, “आई, पण लोंडो किती एकटा आहे ग!”

खरें कारण तेंच होतें. लोंडोला आम्हीं रात्रीं एकटा पीत बसलेला पाहिलें होतें, प्रेयसीच्या नांवानें विव्हळतांना पाहिलें होतें. रेफा आम्हांला भेटला तो नेहमीं दरबारी पोशाखांत. ज्याच्या माजघरापर्यंत आपला प्रवेश झाला, त्याच्या पापांची कारणें आपल्याला ठाऊक होतात. जो ओसरीवरच राहिला, त्याचें पाप तेवढें ध्यानांत राहतें. आम्हीं न्याय गुन्ह्याचा केला नव्हता. ओळखीचा केला होता. कर्णाविषयीं आपण मराठी वाचक असेंच करीत आलों आहों. १९६७ सालीं शिवाजी सावंतांचें ‘मृत्युंजय’ आलें, तेव्हांपासून कर्णासाठीं किती घरांतून डोळे ओले झाले असतील! मात्र भर सभेंत द्रौपदीला तो काय म्हणाला, हें त्या वेळीं कोणी आठवीत नाहीं.

सौभाग्यवतींचा दुसरा प्रश्न याहून अवघड होता. “आणि तुम्हीं क्षमा केलीत ती कोणाच्या वतीनें? त्या ग्रहावर तुमचें कोण मेलें?”

याचें उत्तर मालिकेंतच आहे. लोंडोचा मदतनीस व्हिर हा भोळा, पापभीरु जीव. एकदां लिफ्टमध्यें त्याची आणि जकारची गांठ पडते. व्हिर चांचरत आपलें दुःख सांगूं लागतो. जकार आपल्या तळहातावर पातें ओढतो. रक्ताचा एकेक थेंब खालीं पडतो, आणि प्रत्येक थेंबागणिक तो एकेक मेलेला नार्न मोजतो. या मेलेल्यांची क्षमा तूं कशी मागणार, हा त्याचा प्रश्न. व्हिरजवळ उत्तर नसतें, आणि जकारजवळ क्षमा नसते. पुढें सेंटॉरी सम्राटाच्या आज्ञेनें जकारचा एक डोळा काढला जातो. तरीही १९९८ सालच्या एका भागांत तो लोंडोला क्षमा करतो. साऱ्या नार्नांच्या वतीनें मात्र ती देतां येत नाहीं, हें तो स्पष्ट सांगतो. देतो ती केवळ आपल्या वांट्याची. तेवढ्यासाठींही त्याला तीन वर्षें लागलीं. आम्हांला खिडकीपाशींचा एक चेहरा पुरला होता.

खटला येथें संपला, दिवे मालवले. परंतु अंथरुणावर पडल्यावर आम्हांला घरांतलें एक जुनें प्रकरण आठवलें.

आमच्या थोरल्या बंधूंचा, दादाचा, व्यापार बुडूं लागला तेव्हां त्यानें आईच्या पाटल्या ‘आठ दिवसांसाठीं’ म्हणून नेल्या. त्या परत आल्या नाहींत. लाजेनें दादाही नागपुराहून येईनासा झाला. आई गेली तेव्हां मात्र आला, आणि तेरा दिवस आम्ही त्याच्याशीं एक शब्द बोललों नाहीं. त्याला आज चौदा वर्षें झालीं. दिवाळीला त्याचा दूरध्वनि येतो. आम्ही तो सौभाग्यवतींच्या हातीं देतों.

आई होती तोंवर दर दिवाळीस नागपुरास जाणारें कोणी शोधून अनारशांचा डबा दादाकडे धाडीत असे. एकदां आम्ही त्यावरून रागें भरलों. ती शांतपणें म्हणाली, “पाटल्या माझ्या होत्या रे. तुझें काय गेलें?” त्या वेळीं आम्हांला तिचा मोठेपणा दिसला, आमचा आगाऊपणा दिसला नाहीं.

ज्यानें आमचें कांहींच नेलें नाहीं त्या लोंडोला आम्हीं परस्पर क्षमा केली. आणि जिचें गेलें तिनें क्षमा केल्यावरही दादाची शिक्षा आम्ही भोगवीत राहिलों. दोन्हीकडे चूक एकच. पाटल्या घेऊन दादा जिना उतरला तेव्हां त्याचा चेहरा कसा होता, हें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. तेथें तो दाखविणारा कोणी नव्हता.

आमच्या वांट्याचें दुःख आहे तें इतकेंच कीं, थोरला भाऊ असून नसल्यासारखा झाला. तेवढ्याची क्षमा आमच्या हातीं आहे. आमच्या चौदा वर्षांच्या अबोल्याची क्षमा मात्र त्याच्या हातीं आहे, आणि ती तो देईलच असें नाहीं. सकाळीं चहा घेतांना सौभाग्यवतींकडून आम्हीं दादाचा क्रमांक मागून घेतला. त्यांनीं कारण विचारलें नाहीं.