बाजाराने डावललेल्या मोटारी

खेड्यात मोटार घ्यावयाची ठरली की ती एकट्या घरधन्याच्या मर्जीने घेतली जात नाही. भावकी सल्ला देते, दूधसंस्थेचा सचिव सल्ला देतो, बेळगावास दिलेल्या मुलीचा नवरा फोनवरून सल्ला देतो, आणि ह्या साऱ्या सल्ल्यांचे सार एकच निघते : "चार लोक घेतात तीच घ्या." हा सल्ला टाकाऊ नाही. त्यात गावाचे शहाणपण आहे. परंतु ते शहाणपण नेमके कशाविषयीचे, हे सहसा कोणी तपासून पाहत नाही. मोटार चांगली असते म्हणून चार लोक ती घेतात, की चार लोक घेतात म्हणून ती चांगली ठरते?

ह्या प्रश्नावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे वाटते. धर्मगुरूला मोटार निवडून घेण्याची चैन सहसा परवडत नाही. बदलीच्या गावी जी उभी असेल ती चालवावयाची, किंवा कोणी स्वस्तात देऊ केली तर आभार मानून घ्यावयाची. आता, स्वस्तात कोणती मोटार मिळते? ज्या मोटारीला गिऱ्हाईक नसते ती. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत खानापूरच्या रानात, चंदगडच्या पावसात, चोर्ला व आंबोलीच्या घाटांत मी ज्या जपानी व कोरियन मोटारी चालविल्या, त्यांपैकी बहुतेक बाजाराने डावललेल्याच होत्या. त्यांतील चौघींची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

पहिली मॅटीझ. दक्षिण कोरियातील देवू कंपनीची ही लहानशी मोटार १९९८ साली भारतात आली व उत्तर प्रदेशातील सूरजपूर येथे तयार होऊ लागली. तिचा आराखडा इटलीचे विख्यात रेखाटनकार जॉर्जेत्तो जुजारो यांचा. त्यांनी तो प्रथम फियाट कंपनीपुढे ठेवला होता, पण फियाटने तो घेतला नाही. म्हणजे जन्माला येण्यापूर्वीच ही मोटार एकदा नाकारली गेली होती! इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे. मी मोटार चालवावयास शिकलो तो हिच्यावर. हिच्यात माणूस लाकडी खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसतो. समोरची काच मोठी, त्यामुळे गल्लीतले पोर, कोंबडी, शेणाचा ढीग सारे वेळेवर दिसते. उभी असताना तीन सिलिंडरांची थरथर पायाला जाणवते. चालू लागली की ती विरून जाते. चढावर घाई केली तर ती दमते, पण दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढू दिली तर कुरकुर न करता माथ्यावर पोहोचविते.

मग ही नाहीशी का झाली? तिच्या अंगच्या दोषामुळे नव्हे. देवू उद्योगसमूह १९९९ साली कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. २०००च्या नोव्हेंबरात मोटार कंपनीचे दिवाळे निघाले आणि २००२ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तिचा बराचसा भाग विकत घेतला. परंतु त्या व्यवहारात सूरजपूरचा कारखाना नव्हता. घरधनी बुडाला आणि गुरे पोरकी झाली, तसाच हा प्रकार. पुढे २००७ साली मॅटीझचीच पुढची पिढी शेवरोले स्पार्क ह्या नावाने भारतात आली, यावरून मूळ बी कसदार होते हे दिसते.

दुसरी गेट्झ. ही ह्युंदाईची, २००४ साली भारतात आली. युरोपात हिने चांगले नाव कमावले. इकडे मात्र लोक तिच्याकडे आदराने पाहत आणि दुसरीच मोटार घेऊन घरी जात. बेळगावहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मी ती पुष्कळ चालविली आहे. शेजारून मालट्रक गेला की हलक्या मोटारी वाऱ्याच्या झोताने बाजूला सरकतात. गेट्झ आपली वाट सोडीत नसे. पावसात वळणावर ती जमिनीला धरून राही. हिचे दार लावताना होणारा आवाजसुद्धा शिसवी पेटीचे झाकण मिटल्यासारखा भरदार. हिला नडला तो सरकारचा एक नियम. २००६च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पण अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि पेट्रोलचे इंजिन १२०० सी.सी.पेक्षा मोठे नको. गेट्झची लांबी अटीत बसत होती. इंजिन मात्र १३४१ सी.सी.चे! एवढ्या थोड्या फरकाने सवलत हुकली. पुढे कंपनीने तिच्यात १.१ लिटरचे लहान इंजिनही घातले. परंतु तोवर गिऱ्हाइकाच्या मनातील तिची जागा दुसऱ्यांनी घेतली होती.

तिसरी होंडाची जॅझ. जपानात हिचे नाव फिट. २००२ साली तिने तेथे विक्रीत पहिला क्रमांक मिळविला आणि तेहतीस वर्षे त्या जागी बसलेल्या टोयोटा कोरोलाला खाली उतरविले. हिच्या रचनेतील खुबी अशी की पेट्रोलची टाकी मागच्या आसनाखाली नसून पुढच्या आसनांखाली आहे. त्यामुळे मागे जागा खोल व मोकळी मिळते. मागची पाठ पाडली की तांदळाची पोती, हार्मोनियम, सभेच्या घडीच्या खुर्च्या, जे ठेवाल ते मावते. बाहेरून लहान व आतून मोठी, अशी ही मोटार. पुष्कळ माणसांच्या बाबतीत उलटे असते! चालविताना हलकी, नजरेला मोकळी, शहराच्या गर्दीत मनाला ताप न देणारी. तरीही २००९ साली भारतात आली तेव्हा तिची किंमत सात लाखांच्या घरात होती, आणि आपल्याकडे तेवढ्या पैशांत डिकीची लांब मोटार येते, असा हिशेब लोकांनी केला. २०११ साली कंपनीने किंमत बरीच उतरविली, तरी २०१३ साली तिची विक्री थांबली. २०१५ साली ती नव्या रूपात परत आली. जी जपानात डोक्यावर घेतली गेली तीच येथे दुकानात उभी राहिली. मोटार तीच, मोजण्याचे माप वेगळे.

चौथी टोयोटाची इटिऑस. ही खास भारतासाठी घडविलेली. २०१०च्या डिसेंबरात आली व बंगळूरजवळील बिडदी येथे तयार होत असे. डिकी ५९५ लिटरची, म्हणजे चार माणसांच्या मुंबईच्या प्रवासाचे सामान सहज जाईल एवढी. वेगाचा काटा चालकासमोर नसून मधोमध. पहिले आठ दिवस नजर चुकते, मग सवय होते. १३६४ सी.सी.चे डिझेल इंजिन दिसावयास साधे, पण कमी वेगातही ओढ चांगली. आंबोलीच्या घाटात पाच माणसे घेऊन वारंवार गिअर न बदलता मी ती चढविली आहे. हिची लांबी ४२६५ मिलिमीटर, म्हणून चार मीटरची सवलत हिलाही नव्हती. शिवाय टॅक्सीवाल्यांनी ती मोठ्या संख्येने घेतली आणि लोक म्हणू लागले, "ती भाड्याची गाडी हो!" गंमत पाहा : रोज तीनशे किलोमीटर चालवून ज्याला पोट भरावयाचे आहे, तो माणूस मोटार निवडताना सर्वांत कमी फसतो, आणि त्याने निवडली म्हणूनच आपण ती नाकारतो. २०२० साली धुराचे नवे नियम लागू झाले तेव्हा तिचे उत्पादन थांबले.

चार मोटारी, चार कारणे : एकीचा मालक बुडाला, एकीला कर नडला, एकीला किंमत नडली, एकीला लौकिक नडला. ह्यांत रस्त्यावरच्या वागणुकीने हरलेली एकही नाही.

एवढे ऐकून कोणी डावललेली मोटार घेण्यास धावू नये. ऊसबिलाच्या पैशांतून जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्या एका गृहस्थांना मी हेच सारे सांगत होतो. त्यांच्यापुढे दोन मोटारी होत्या. किंमत सारखीच, पण खपाऊ मोटार बारा वर्षांची आणि न खपणारी सहा वर्षांची. ते म्हणाले, "फादर, ही चांगली आहे हे पटते. पण उद्या विकायला काढली तर घेणार कोण?" मी म्हणालो, "तुम्ही वापरायला घेता की विकायला?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "थोरली नर्सिंगला आहे. पुढच्या वर्षाची फी अडली, तर मोडायला घरात दुसरे आहे काय?"

ह्या उत्तरात पुष्कळ अर्थ आहे. श्रीमंताची मोटार म्हणजे वाहन. आपल्या घरांत ती वाहनही असते आणि अडीअडचणीला मोडावयाची ठेवही असते. लोकप्रियता हा मोटारीचा गुण नव्हे, हे खरे. पण तो तिचा आधार आहे. सुटे भाग, गावचा मिस्त्री, पुढचे गिऱ्हाईक हे सारे त्या आधारावर उभे असते. एका मोटारीच्या दाराच्या कडीसाठी मी सतरा दिवस थांबलो आहे. ते सतरा दिवस दार सुतळीने बांधलेले होते.

म्हणून मधला मार्ग सांगतो. डावललेली मोटार पाहताना तिचे इंजिन आणखी कोणत्या मोटारींत आहे, हे आधी विचारावे. उदाहरणार्थ, निस्सान मायक्रा आपल्याकडे फारशी दिसत नाही. पण तिचे १४६१ सी.सी.चे डिझेल इंजिन रेनॉच्या डस्टरमध्ये आहे, महिंद्रच्या व्हेरिटोमध्येही आहे. अशा मोटारीला नाव अनोळखी असले तरी गोत मोठे असते. दुसरे, तालुक्याच्या मिस्त्रीला ती प्रत्यक्ष दाखवावी. त्याने ती कधी उघडलीच नसेल, तर मोह आवरावा. तिसरे, आपण सीमेवरची माणसे : कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा ह्यांपैकी पासिंग कोठले ते पाहावे. परराज्यातील मोटार स्वस्त दिसते; पण ना हरकत पत्र आणि आपल्या राज्याचा रस्ता-कर धरला की स्वस्ताई आटते. पंधरा वर्षे भरत आली असतील, तर नोंदणीचे नूतनीकरण पुढे उभे आहे, हेही ध्यानात असावे.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी, आणि तिच्याविषयी गावात कोणीच विचारीत नाही : अपघातात आतली माणसे वाचतील काय? चालकापुढची हवेची पिशवी आपल्या देशात २०१९च्या जुलैपासून सक्तीची झाली. त्याआधीच्या मोटारीत ती आहे की नाही, हे स्वतः पाहिले पाहिजे. भाड्याची म्हणून हिणविलेल्या इटिऑसच्या धाकट्या बहिणीला, लिव्हाला, २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या संरक्षणासाठी पाचांपैकी चार तारे मिळाले होते. त्या काळी हातोहात खपणाऱ्या कित्येक मोटारींना तेवढे मिळाले नव्हते.

त्या गृहस्थांनी शेवटी न खपणारी मोटारच घेतली. मात्र मिस्त्रीला दाखवून, आणि घासाघीस करून वाचविलेले पैसे मुलीच्या नावाने सोसायटीत ठेवून. मोटारीवर टाकावयाचा ठेवीचा भार त्यांनी पैशावर टाकला, आणि मोटारीला केवळ मोटार राहू दिले. चार लोकांचा सल्ला जरूर ऐकावा. पण घाटातल्या धुक्यात चाक आपल्या हाती असते आणि मागे आपली मुले बसलेली असतात, हे विसरून तो मानू नये.